विकतची गर्दी

व्यापार विश्वासावर चालतो, हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकत आलो आहोत की त्याचा अर्थ विचारण्याचे कारण आपल्याला सहसा पडत नाही. परंतु हा विश्वास उत्पन्न कशाने होतो, तो पैसे मोजून विकत आणता येतो काय, आणि आणलाच तर त्याला विश्वास म्हणावे काय, हे प्रश्न हल्ली आपल्या घराघरांत, हातातल्या फोनच्या पडद्यावर, नव्या रूपाने उभे राहिले आहेत. वरवर पाहता हा विषय बाजाराचा आणि यंत्रविद्येचा वाटेल. पण थोडे खोल गेल्यास तो सत्यासत्याचा, म्हणजे नीतीचा विषय आहे असे दिसून येईल.

आपल्या बडोद्यातील मराठी कुटुंबांत पूर्वीपासून नोकरीकडे ओढा अधिक. तथापि आता कोणी घरचा चिवडा व भाकरवडी विकते, कोणी साड्यांचा व्यवसाय करते, कोणी गायनाची शिकवणी चालविते. आणि त्यासाठी इंटरनेटवर स्वतःची वेबसाइट उघडते. अशी वेबसाइट उघडली की आरंभीचे काही महिने तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. यात नवल नाही. पेठेत नवे दुकान थाटणाऱ्याचीही तीच अवस्था असते. पण दुकानदाराला रस्त्याने जाणारी-येणारी माणसे तरी दिसतात. वेबसाइटच्या मालकाला दिसतो तो केवळ एक आकडा : आज किती जण येऊन गेले. तो आकडा चार-पाचाच्या पुढे सरकेना की मन खट्टू होते, आणि नेमक्या अशाच वेळी कोठून तरी संदेश येऊन थडकतो : ‘अल्प मोबदल्यात दहा हजार पाहुणे आणून देतो’, ‘महिन्याभरात गूगलवर पहिला क्रमांक, हमखास’, ‘झोपेतही कमाई करून देणारी गुप्त पद्धत, आज मध्यरात्रीपर्यंतच अर्ध्या किमतीत’.

या मालाला धंद्याच्या भाषेत ‘ट्रॅफिक’ म्हणतात. म्हणजे वेबसाइटवर होणारी ये-जा. ती विकणारे सर्वच खोटे असतात असे नाही. रीतसर जाहिरात करून योग्य माणसापर्यंत आपल्या मालाची वार्ता पोहोचविणारे प्रामाणिक व्यावसायिकही पुष्कळ आहेत. परंतु ‘अमुक रुपयांत अमुक हजार माणसे’ असा घाऊक भाव जेथे लावलेला असतो, तेथे त्या पोत्यात काय भरलेले असते ते उघडून पाहणे इष्ट आहे. पुष्कळदा ते ‘पाहुणे’ मनुष्यच नसतात. माणसाचा आव आणून पाने उघडणारे ते संगणकाचे कार्यक्रम असतात, ज्यांना ‘बॉट’ म्हणतात. कधी ती खरी माणसे असतात, पण ती पाहत असतात भलतेच काही, आणि त्यांच्या नकळत मागच्या बाजूस आपले पान उघडलेले असते. कधी ही माणसे आपल्यासारखेच वेबसाइटवाले असतात : ‘मी तुमचे पान उघडतो, तुम्ही माझे उघडा’ अशा परस्परांच्या अदलाबदलीत गुंतलेले. तिन्ही प्रकारांत आकडा वाढतो. चिवड्याचे पाकीट मात्र एकही अधिक विकले जात नाही.

हे बॉट मनुष्याची नक्कल किती हुबेहूब करतात, याचे प्रमाण अमेरिकेतील एका खटल्यात नोंदलेले आहे. ‘मेथबॉट’ या नावाने गाजलेल्या त्या प्रकरणात २०१४ ते २०१६ या काळात भाड्याने घेतलेल्या १,९०० हून अधिक सर्व्हरांच्या साहाय्याने पाच हजारांहून अधिक वेबसाइटींची खोटी रूपे उभी केली गेली. त्यांवर ‘प्रेक्षक’ म्हणून जे येत, ते माउस हलविण्याचा, पान खाली सरकविण्याचा, चलच्चित्र मध्येच थांबविण्याचा अभिनय करीत. जाहिरात देणाऱ्या कंपन्यांनी ७० लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजली, ती जाहिराती माणसांनी पाहिल्या अशा समजुतीने. प्रत्यक्षात त्या कोणाच्याच डोळ्यांखालून गेल्या नव्हत्या. या गुन्ह्याच्या सूत्रधारास २०२१ साली दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांना जेथे ओळख पटली नाही, तेथे घरगुती व्यवसाय करणाऱ्या गृहिणीला केवळ आकड्यावरून खरे-खोटे कसे उमगावे?

‘हमखास पहिला क्रमांक’ या वचनाविषयी तर वाद घालण्याचीही आवश्यकता नाही. गूगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच वेबसाइटच्या मालकांसाठी लिहून ठेवले आहे. घरमालक सांगतो की माझ्या घराची किल्ली कोणाकडेही नाही, आणि बाहेरचा मनुष्य तीच किल्ली विकावयास बसला आहे. असा हा प्रकार. शिवाय खोटे दुवे पेरून वरचा क्रमांक मिळविणाऱ्यांना खाली ओढण्याची व्यवस्था गूगलने एप्रिल २०१२ पासून ‘पेंग्विन’ या नावाने अंमलात आणली, आणि आपल्या पानावर गूगलच्या जाहिराती लावून त्यांवर विकतचे क्लिक घडवून आणणाऱ्यांचे खाते बंद करण्याचा नियमही तिने केला आहे. म्हणजे अशा मालाची खरेदी केवळ व्यर्थच जाते असे नव्हे, तर असलेलेही गमावण्याची वेळ आणते.

येथपर्यंत जे सांगितले ते व्यवहाराचे झाले. आता त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारू. ज्याला हा माल विकला जातो, तो केवळ फसलेला मनुष्य असतो काय?

समजा, एखाद्या कीर्तनकाराने आपल्या कीर्तनास श्रोते जमत नाहीत म्हणून शंभर माणसे रोजाने आणून बसविली. पहिल्या दिवशी त्याला समाधान वाटेल. पण त्या शंभरांपैकी एकाच्याही कानात त्याचा शब्द शिरलेला नसतो. त्यांचे लक्ष घड्याळाकडे. मग ही माणसे आणून त्याने मिळविले काय? त्याचा हेतू त्या शंभरांविषयी नव्हताच. बाहेरून जाणाऱ्या एकशेएकाव्या माणसाने आत डोकावून ‘एवढी गर्दी आहे, तेव्हा येथे काही विशेष असले पाहिजे’ असे समजावे, हा त्याचा खरा हेतू. विकतच्या गर्दीचा उपयोग जर काही असेल तर तो इतकाच. आणि तो उपयोग म्हणजे त्या एकशेएकाव्याची फसवणूक. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत टाळ्या वाजविणारी भाडोत्री मंडळी ठेवीत, तीही शेजारच्या खुर्चीवरील प्रामाणिक प्रेक्षकासाठीच.

२०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘देवूमी’ नावाच्या कंपनीविरुद्ध कारवाई केली. ही कंपनी समाजमाध्यमांवरील खोटे अनुयायी, म्हणजे ‘फॉलोअर’, विकीत असे. तिच्या गिऱ्हाइकांत नट, खेळाडू, संगीतकार व लेखक तर होतेच. पण आपली पत वाढावी म्हणून खोटे अनुयायी घेणारे वकिलीच्या पेढ्यांचे भागीदार व गुंतवणुकीचा सल्ला देणारेही होते. जो मनुष्य आपल्या कायद्याच्या प्रश्नात किंवा आयुष्याच्या पुंजीविषयी यांचा सल्ला घेण्यास जाईल, तो त्या आकड्याकडे पाहून जाणार, हे त्यांना ठाऊक होते. येथे विकत घेणारा फसला नाही. त्याने फसविण्याचे साधन विकत घेतले. पुढे २०२४ साली त्या देशात खोटे अभिप्राय व असे खोटे अनुयायी यांच्या क्रयविक्रयास बंदी करणारा नियम अंमलात आला. आणि त्याने विकणाऱ्याबरोबर जाणूनबुजून विकत घेणाऱ्यासही दोषी धरले.

यावर कोणी म्हणेल, ‘व्यापारात थोडी अतिशयोक्ती चालायचीच. दुकानदार दुकान सजवीत नाही काय? दिवे लावीत नाही काय?’ आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु सजावट आणि खोटी साक्ष यांत भेद आहे. दिवे लावणारा दुकानदार स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करतो, आणि ती त्याची स्तुती आहे हे गिऱ्हाइकास ठाऊक असते. गर्दीचा आकडा ही मात्र दुसऱ्यांनी दिलेली साक्ष म्हणून पुढे येते. ‘मी चांगला आहे’ असे म्हणणे निराळे, आणि ‘दहा हजार लोक मला चांगला म्हणतात’ असे, ते लोक अस्तित्वातच नसताना, म्हणणे निराळे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ नावाचे एक संपूर्ण अधिकरण आहे, आणि त्यात खोटी वजनेमापे वापरणाऱ्या, हलका माल भारी म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड सांगितला आहे. प्रजेच्या पायात रुतणारा काटा, अशा दृष्टीने त्याने त्यांच्याकडे पाहिले. त्या काळी मापे लोखंड-दगडाची होती. आज माप आकड्याचे आहे. मापात पाप ते पापच.

एवढ्यावरच हा व्यवहार थांबत नाही. त्याची पुढची पायरी अधिक फसवी आहे, कारण तेथे गिऱ्हाइकालाच गर्दीचा भाग केले जाते आणि त्याबद्दल त्याला कमाईचे आमिष दाखविले जाते. अमेरिकेतील ‘ट्रॅफिक मॉन्सून’ या कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. ही कंपनी ५० डॉलरांना एक ‘ॲडपॅक’ विकी. त्यात आपल्या वेबसाइटवर हजार भेटी व जाहिरातीवर वीस क्लिक मिळत. शिवाय कंपनीच्या उत्पन्नातून ५५ डॉलरांपर्यंत परतावा मिळेल असे सांगितले जाई. अट एवढीच की सभासदाने दररोज सुमारे पन्नास जाहिराती उघडाव्यात. १,६२,००० हून अधिक लोकांनी यात पैसे घातले. त्यांपैकी सुमारे ९० टक्के अमेरिकेबाहेरचे होते. जुलै २०१६ मध्ये तेथील रोखे नियामक आयोगाने ही २० कोटी ७० लाख डॉलरांची फसवणूक असल्याचा आरोप ठेवून न्यायालयाकडून कंपनीची मालमत्ता गोठविली. आयोगाचे म्हणणे असे की कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न ॲडपॅकांच्या विक्रीतूनच येत होते. म्हणजे जुन्या सभासदांना नव्यांच्याच पैशातून दिले जात होते.

शाळेतल्या मुलाने करावा असा हिशेब येथे करून पाहू. दहा ॲडपॅकांचे ५५० डॉलर परत करावयाचे तर अकरा नवे विकले पाहिजेत. त्या अकरांचे ६०५ डॉलर देण्यास बारा विकूनही पाच डॉलर कमी पडतात, तेव्हा तेरावा शोधावा लागतो. यातून कंपनीने आपला वाटा उचलला तर शोध आणखी वाढतो. संख्या फुगत जाणार आणि शेवटच्या रांगेला कोणी देणारा उरणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. आणि त्या हजार भेटींचे काय? तेथे जाहिरात पाहणारा प्रत्येक जण आपला पन्नासाचा कोटा पुरा करीत होता. सर्व दुकानदार आणि गिऱ्हाईक एकही नाही, असा तो बाजार.

हे दूरदेशीचे उदाहरण म्हणून निश्चिंत राहता येत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने नोएडा येथील ‘अब्लेझ इन्फो सोल्यूशन्स’ या कंपनीच्या चालकांना अटक केली. ‘सोशल ट्रेड’ या तिच्या योजनेत ५,७५० रुपयांपासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरून सभासद व्हावे, पडद्यावर येतील त्या दुव्यांवर क्लिक करावे आणि प्रत्येक क्लिकचे पाच रुपये घ्यावेत, अशी रीत होती. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे साडेसहा लाख लोकांकडून सुमारे ३,७०० कोटी रुपये गोळा झाले. या लाखो लोकांपैकी किती जणांनी स्वतःला विचारले असेल की माझे बोट एकदा टेकल्याने जगात कोणाचे पाच रुपयांचे काम झाले? ज्या श्रमातून कोणाचीही गरज भागत नाही, त्याचे वेतन कोणाच्या तरी खिशातूनच काढलेले असते.

आपल्या शेजारच्या गुजरातीत म्हण आहे की जेथे लोभी असतात तेथे धूर्त उपाशी मरत नाहीत. म्हण खरी आहे, पण ती फसलेल्याच्या तोंडावर फेकण्याची घाई आपण करू नये. लोभ हे एक कारण; एकमेव नव्हे. निवृत्तीनंतर महागाई आणि निवृत्तिवेतन यांची तोंडमिळवणी करू पाहणारा गृहस्थ, स्वतःच्या कमाईचे चार पैसे असावेत अशी रास्त इच्छा धरणारी गृहिणी, नोकरी न मिळालेला पदवीधर, यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची चूक असलीच तर ती इच्छेची नव्हे, विचारणा न करण्याची. आणि जो अडचणीत आहे त्याला निवांतपणे विचारणा करता येऊ नये म्हणूनच ‘आज मध्यरात्रीपर्यंत’ ही मुदत घातलेली असते. विचारास वेळ न देणारा सौदा हा बहुधा विचारास भिणारा सौदा असतो.

या योजना पसरतात कशा, याकडे आपल्यासारख्या समाजाने विशेष लक्ष दिले पाहिजे. अनोळखी मनुष्याचा संदेश आपण दुर्लक्षितो. पण तोच संदेश मावसभावाकडून, शेजारच्या काकूंकडून किंवा मंडळातल्या परिचिताकडून आला की संशय आपोआप गळून पडतो. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात एकमेकांच्या आधाराने राहिलेल्या कुटुंबांमध्ये ही जवळीक अधिक. लग्नकार्यात, आजारपणात, अडीअडचणीला धावून जाऊन आपल्या वाडवडिलांनी ती जोडली. ‘तुमच्या ओळखीची पाच माणसे आणा आणि दलाली घ्या’ असे म्हणणारा मनुष्य खरे पाहता हेच भांडवल मागत असतो. गमावलेले पाच हजार रुपये पुन्हा मिळविता येतात. पण ‘तुमच्या शब्दावर मी पैसे भरले होते’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की त्यानंतर त्या दोन घरांतील बोलणे पूर्ववत् होण्यास फार काळ लागतो, आणि कित्येकदा ते होतच नाही. म्हणून एक नियम आपण स्वतःपुरता पाळावा : जे स्वतः पारखून घेतले नाही त्याची शिफारस करू नये, आणि शिफारशीतून आपल्याला काही मिळणार असेल तर ते आधी सांगावे. ही गोष्ट सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर ती शिफारसच करू नये, असे समजावे.

जो फसला आहे त्याच्या बाबतीतही आपले कर्तव्य आहे. त्याची थट्टा झाली की तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की ठकाला पुढचे घर मोकळे मिळते. त्याला धीर देऊन तक्रार करावयास लावणे हाच खरा शेजारधर्म. पैसे ऑनलाइन गेले असल्यास सरकारने ठेवलेल्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळविले जाईल तितका पैसा मध्येच अडविण्याचा संभव अधिक. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि माणसामागून माणूस जोडून पैसे फिरविणाऱ्या योजनांना आपल्या देशात १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. कायदा आहे, त्याच्यापर्यंत जाणारा मनुष्य पाहिजे.

आता राहिला प्रश्न, ओळखावे कसे? त्यासाठी यंत्रविद्या शिकण्याची जरूर नाही. चार साधे प्रश्न पुरतात. हे जे लोक येतील म्हणता, ते कोण आणि त्यांना माझा माल कशासाठी हवा आहे? मला मिळणारा पैसा अखेर कोणाच्या खिशातून निघणार? ही पद्धत एवढी फलदायी आहे तर सांगणारा ती स्वतः चालविण्याऐवजी तिची पुस्तिका का विकतो? आणि मी याविषयी दोन दिवसांनी, घरात विचारून उत्तर देतो म्हटले तर त्याला राग का यावा? विद्या विकणे हा दोष नाही. शिक्षक तेच करतो. पण शिक्षक कष्ट सांगतो, आणि हा मनुष्य कष्टांपासून सुटका सांगतो. तसेच जाहिरातीवर खर्च करावयाचाच झाला तर तो थोडा थोडा करावा, आणि हिशेब ठेवावा तो किती जण आले याचा नव्हे, तर किती जणांनी विचारणा केली, किती जणांनी माल घेतला आणि त्यांपैकी किती जण पुन्हा आले, याचा.

कारण शेवटी व्यापाराची कसोटी तीच आहे. एकदा आलेला मनुष्य आपल्या पायाने दुसऱ्यांदा येतो, आणि कोणी दलाली दिलेली नसताना तिसऱ्याला सांगतो, तेव्हा जो उत्पन्न होतो त्याला विश्वास म्हणतात. तो हळू वाढतो आणि आकड्यात फार लहान दिसतो. ज्या गृहिणीकडे पंधरा घरे दर दिवाळीला न विसरता फराळाची मागणी नोंदवितात, तिची वेबसाइट ओस असेलही. पण ती पंधरा घरे खरी आहेत, आणि सोळावे घर त्यांच्याच सांगण्यावरून येणार आहे. दहा हजारांचा आकडा पाहून तिने मन खट्टू करू नये, आणि तिच्या घरच्यांनीही तिला त्या आकड्याचा हेवा करण्यास शिकवू नये.